चार बोटांचे अंतर

आपल्याकडे जुनी माणसे सांगत की, खरे आणि खोटे यांत अंतर अवघे चार बोटांचे. कान आणि डोळा यांच्यामध्ये चार बोटे आडवी धरून पाहावीत, म्हणजे या बोलाचा अर्थ उलगडतो. डोळ्यांनी पाहिले ते खरे, कानांनी ऐकले ते खोटे. कानाची अप्रतिष्ठा आपल्या भाषेने एवढ्यावरच थांबविलेली नाही. कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवणारा तो हलक्या कानाचा; चहाडी करावयाची ती कान भरून; आणि जबाबदारी झटकावयाची ती कानांवर हात ठेवून. डोळ्याच्या वाट्यास मात्र दूरदृष्टी, दिव्यदृष्टी, द्रष्टेपण असे सारे मानाचे शब्द आले. ज्या देशात सर्वांत पूज्य ग्रंथांचे नावच ‘श्रुति’, म्हणजे ऐकलेले, असे पडले, त्या देशात कानाची ही गत व्हावी, हे नवलच म्हटले पाहिजे.

कोर्टकचेरीत हा बोल खरा असेल. साक्षीदाराच्या तोंडून ‘ऐकले’ असा शब्द निघाला की वकील सरसावून बसतात. परंतु कोर्टाबाहेरचे जग मोठे आहे, आणि त्या जगात चार बोटांचे हे अंतर कधी कधी उलट्या बाजूने मोजावे लागते, याचा एक फार बोलका दाखला आम्हांस एका अमेरिकन वादकाच्या चरित्रात सापडला. या वादकाचे नाव बर्नी क्राउस. विजेच्या यंत्रातून संगीत काढणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक, आणि तेच यंत्र बाजूस ठेवून रानाचा आवाज ऐकावयास निघून गेलेलेही बहुधा तेच पहिले.

क्राउस यांचा जन्म १९३८ साली डेट्रॉइट येथे झाला. लहानपणी त्यांच्या हाती व्हायोलिन आले, पुढे गिटार आली, आणि १९६३ साली ‘वीव्हर्स’ या त्या काळी अत्यंत नावाजलेल्या लोकगीत-गायकांच्या मेळ्यात त्यांस स्थान मिळाले. एवढ्यावर एखाद्याने आयुष्य सुखाने काढले असते. परंतु याच सुमारास रॉबर्ट मोग नावाच्या एका अभियंत्याने एक विलक्षण वाद्य सिद्ध केले होते. त्यास तार नव्हती, चामडे नव्हते, फुंकण्याची नळी नव्हती. विजेच्या दाबात चढउतार करावा आणि त्यातून स्वर निर्माण करावा. तो स्वर गाळावा, जाड करावा, लांबवावा, तोडावा. आणि अशा रीतीने जगात कधीच न झालेला आवाज जगास ऐकवावा, अशी त्याची करणी. या वाद्याच्या कर्त्याचे नाव पुष्कळ लोक ‘मूग’ असेच उच्चारतात. मराठी कानास याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे मूग गिळून माणसे गप्प बसतात. तिकडे या मुगाने साऱ्या खंडास बोलते केले!

क्राउस आणि त्यांचे सहकारी पॉल बीव्हर या जोडीने हे यंत्र विकत घेतले, त्यावर हुकमत मिळविली, आणि १९६७ साली माँटरे येथील संगीत-महोत्सवात ते लोकांपुढे मांडले. तेथून पुढे त्यांस उसंत राहिली नाही. अमेरिकेतील नामांकित वादकांस हे यंत्र शिकवावे, चित्रपटांस लागणारे चमत्कारिक ध्वनी पुरवावेत, असा त्यांचा उद्योग जोरात चालला. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या गाजलेल्या चित्रपटासही क्राउस यांच्या यंत्राचा हात लागलेला आहे. पैसा होता, कीर्ती होती, आणि हवा तो आवाज बोटाच्या अंतरावर होता.

हेच यंत्र आपल्या देशातही आले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत एक मोग यंत्र बसविले गेले, आणि पुढील तीन वर्षांत काही भारतीय तरुणांनी त्यावर रचना केल्या. त्यांच्या फिती अनेक दशके कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आल्या. या प्रकरणाच्या मुळाशी गीता साराभाई या विदुषी आहेत. त्या पखवाज वाजवीत. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या असता जॉन केज या तरुण संगीतकाराशी त्यांची गाठ पडली आणि त्यांनी त्यास हिंदी संगीताचे पाठ दिले. संगीताचे प्रयोजन काय, या त्याच्या प्रश्नास त्यांनी आपल्या गुरूंचे उत्तर सांगितले. मन निवळावे, शांत व्हावे आणि दैवी स्पर्शास पात्र व्हावे, असे त्या उत्तराचे तात्पर्य. हे उत्तर केजच्या मनात खोल रुजले. सहा वर्षांनी, १९५२ साली, त्याने आपली ती प्रसिद्ध निःशब्द रचना लोकांपुढे ठेवली. वादक पियानोपुढे साडेचार मिनिटे बसतो आणि एकही स्वर वाजवीत नाही. श्रोत्यांस ऐकू येतो तो बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस आणि आपलीच चुळबुळ. त्या दिवशी पियानोपुढे बसलेला वादक होता डेव्हिड ट्यूडर. आणि सतरा वर्षांनी अहमदाबादेस येऊन मोग यंत्र लावून देणारा गृहस्थही तोच. एका भारतीय स्त्रीने सांगितलेल्या गुरुवाक्याचा हा प्रवास पाहिला म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांच्या भेटी कोणत्या आडवाटांनी होतात, याचे कौतुक वाटते.

आता पुन्हा क्राउस यांच्याकडे वळू. १९६८ साली त्यांनी आणि बीव्हर यांनी अशी एक ध्वनिमुद्रिका करावयाचे ठरविले की, जिच्यात यंत्राच्या स्वरांबरोबर प्रत्यक्ष निसर्गाचे ध्वनी गुंफलेले असतील. कल्पना धाडसाची होती, परंतु ध्वनी आणावयाचे कोणी? बीव्हर यांस शहर सोडणे रुचेना. तेव्हा हे काम क्राउस यांच्या गळ्यात पडले. खांद्यावर मुद्रणयंत्र अडकवून ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वुड्स नावाच्या महावृक्षांच्या रानात शिरले, आणि त्यांनी हेडफोन कानांस लावले. आजवर ज्यास ते शांतता समजत होते, ती शांतता नव्हतीच. वाऱ्याची एक झुळूक किती झाडांतून किती प्रकारांनी बोलते, ओढा किती जागी किती स्वर बदलतो, हे त्यांनी प्रथमच ऐकले. १९७० साली ‘इन अ वाइल्ड सँक्च्युअरी’ ही मुद्रिका निघाली. तिच्या पाठोपाठ १९७१ साली निघालेल्या मुद्रिकेचे नाव तर आपल्या घरचे आहे: ‘गंधर्व’! ज्या महाराष्ट्राने बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व यांस डोक्यावर घेतले, त्याने या चौथ्या, परदेशी गंधर्वाचीही वास्तपुस्त घ्यावयास हरकत नाही.

१९७५ साली बीव्हर निवर्तले. क्राउस यांचे मन हळूहळू चित्रपटांच्या धंद्यातून उडाले. चाळिशी उलटल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि १९८१ साली प्राण्यांच्या ध्वनींच्या शास्त्रात त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. आपल्याकडच्या तालमीचा क्रम वाचकांस माहीत आहे. शिष्याने वर्षानुवर्षे गुरूच्या मागे तंबोरा धरून बसावे, आधी कान तयार करावा, गळा मागाहून. मैफल त्याच्या नशिबी असली तर फार पुढे. क्राउस यांच्या आयुष्यात हा क्रम उलटा झाला. मैफल आधी झाली, बिदागी आधी मिळाली, आणि मग या माणसाने रानामागे तंबोरा धरला. कलावंताच्या चरित्रात असे वळण विरळा.

या बैठकीतून त्यांस जे गवसले, ते असे. १९८३ साली पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या वेळी मुद्रण करीत असता त्यांस वाटले की, आपण ऐकतो आहो तो गोंगाट नसून एक रचना आहे. पुढे त्या ध्वनींचे आलेख कागदावर उमटवून पाहिले, तेव्हा ते एखाद्या वाद्यवृंदाच्या स्वरलिपीसारखे दिसले. किड्यांनी एक पट्टी धरून ठेवलेली. बेडकांची पट्टी निराळी. पक्षी त्यांच्या वरच्या वा मधल्या मोकळ्या जागेत. मोठी जनावरे खाली खर्जात. जेथे दोघांची पट्टी एकच, तेथे एकाचे संपल्यावर दुसऱ्याने आरंभ करावयाचा. ज्या रानात प्राणी युगानुयुगे एकत्र नांदले आहेत, तेथे प्रत्येकाने ऐकू येण्यापुरती आपली जागा मिळविलेली असते, असे त्यांचे मत झाले. मराठी रसिकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. रातकिड्यांचा तंबोरा अखंड चालू आहे, साथीदार गवयाच्या अंगावर जात नाही, आणि समेची जागा सर्वांस ठाऊक आहे, असे म्हटले की पुरे. सर्वच शास्त्रज्ञांस हे मत मान्य आहे असे मात्र नाही. काही रानांत ही वाटणी आढळते, काहींत ती तितकी स्पष्ट आढळत नाही, आणि वाद चालू आहे. परंतु एकेका पक्ष्याचा आवाज सुटा पकडून डबीत घालावयाचा, या जुन्या पद्धतीऐवजी सबंध रान एकदम ऐकावयाचे, ही दृष्टी (भाषा येथेही आम्हांस ‘श्रुती’ म्हणू देत नाही!) त्यांनी दिली, याबद्दल दुमत नसावे.

आपल्या पूर्वजांचे कान या बाबतीत काही कमी तिखट नव्हते. नारदीय शिक्षेत षड्ज मोराचा, ऋषभ बैलाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत घोड्याचा आणि निषाद हत्तीचा, अशी सप्तस्वरांची वाटणी सांगितली आहे. मोराचा टाहो आणि गवयाचा षड्ज यांचा मेळ आज कोणी यंत्राने घालावयास गेला तर त्याची निराशा होईल. परंतु माणसाचे संगीत माणसाने एकट्याने घडविलेले नाही, ते रानापासून उसने घेतलेले आहे, ही जी त्या श्लोकामागची जाणीव, ती लाखमोलाची आहे. क्राउस यांस हीच गोष्ट अमेरिकेतील नेझ पर्स जमातीच्या एका वृद्धाने निराळ्या रीतीने शिकविली. त्याने त्यांस एका सरोवराच्या काठी भल्या पहाटे थंडीत नुसते बसवून ठेवले. वारा सुटला, आणि देवळातील ऑर्गन वाजावा तसा नाद उठला. तो नाद काठच्या मोडक्या बोरूंच्या नळ्यांतून येत होता. वृद्धाने एक नळी कापली, तिला भोके पाडली, आणि ती वाजवून दाखविली. आपल्याकडे वेळूच्या वनात शिरलेल्या वाऱ्याने मुरलीचा शोध लावला असे कोणी म्हटले, तर त्यास कविकल्पना म्हणून हसण्यापूर्वी ही हकीकत आठवावी.

आता ज्या स्थळासाठी हा सारा प्रपंच मांडला, तेथे येऊ. सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाचे एक कुरण आहे, सभोवार जंगल. १९८८ साली एका लाकूडतोड कंपनीने तेथील लोकांस आश्वासन दिले की, आम्ही जंगल साफ करणार नाही; येथून एक, तेथून एक अशी निवडक झाडेच काढू, आणि जंगलास त्याचा उपद्रव होणार नाही. क्राउस यांनी तोडीपूर्वी जून महिन्यात तेथील पहाटेचा आवाज मुद्रित केला. तोड झाली. पुढील वर्षी त्याच जागी, त्याच दिवशी, त्याच वेळी त्यांनी पुन्हा यंत्र लावले. डोळ्यांस विचाराल, तर कंपनीने शब्द पाळला होता. कुरण तेच, झाडांची भिंत तीच, चित्रात काडीचा फरक नाही. कानांस विचाराल, तर पहाट गेली होती. पक्ष्यांच्या आवाजांनी भरून वाहणाऱ्या त्या जागी आता ओढ्याचे पाणी आणि एका सुताराची टकटक एवढेच उरले होते. पुढील पंचवीस वर्षांत क्राउस तेथे पंधरा वेळा गेले. पूर्वीचा आवाज परतलेला त्यांनी ऐकला नाही.

आम्ही ही दोन मुद्रणे एकदा आमच्या वर्गात ऐकविली. निमित्त होते इंग्रज कवींच्या नाइटिंगेलचे. जो पक्षी आमच्या विद्यार्थ्यांनी जन्मात ऐकला नाही, त्याच्या गाण्यावर त्यांनी परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहावयाचे, हा आमच्या विद्यापीठीय शिक्षणाचा जुना विनोद आहे. आणि तो चालू असताना खिडकीबाहेरच्या उंबरावर तांबट आपला टुक-टुक ठोका तासभर न चुकता देत असतो, त्यावर मात्र गुण नसतात. आम्ही प्रथम कुरणाची दोन चित्रे दाखविली आणि फरक विचारला. कोणासही तो सांगता आला नाही. मग दोन्ही आवाज ऐकविले. दुसरा संपल्यावर वर्गात जराशी शांतता पसरली, आणि निफाडकडून रोज एस. टी. ने येणारी एक मुलगी म्हणाली, “सर, दुसऱ्यात नुसतं पाणीच आहे. आमच्या मळ्यात आता असंच असतं.” पहिल्या वाक्यासाठी आम्ही तयार होतो, दुसऱ्यासाठी नव्हतो.

त्या वाक्यापासून हा विषय आमच्यापुरता कॅलिफोर्नियाचा राहिलेला नाही. नाशिक जिल्हा हा काही मुका जिल्हा नव्हे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला तेव्हा कोणाच्या मनात पाटाच्या पाण्यापलीकडे काही नसेल. परंतु गाळ साचला, दलदल झाली, आणि हिवाळ्यात तेथे देशोदेशींच्या पाखरांची यात्रा भरू लागली. १९८६ साली ते अभयारण्य झाले, आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्यास जागतिक मान मिळाला. थंडीतील एका पहाटे तेथे जाऊन डोळे मिटून उभे राहावे. चक्रवाकांचे ते सानुनासिक बोलावणे पाण्यावरून येते, आणि संस्कृत कवींनी नदीच्या दोन तीरांवर रात्रभर एकमेकांस हाका मारणारे हे जोडपे का कल्पिले असेल, ते टीकेवाचून समजते. तो संकेत डोळ्यांनी सुचलेला नाही. अंधारात दोन काठांवरून दोन आवाज ज्याने ऐकले, त्यालाच तो सुचला असणार.

आमच्या शेतकऱ्याचा कान तर पंचांगाच्या जोडीने चाले. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडू लागला की तिफण बाहेर काढावी, टिटवीच्या अवेळी ओरडण्याने रात्री दचकून जागे व्हावे, हे त्याचे रोजचे व्यवहार होते. आता त्याच शिवारात द्राक्षबागांवर फवारणी करणाऱ्या ब्लोअरचा घोष पहाटेपासून चालतो. त्याच्या पोटाचा प्रश्न त्यात आहे, तेव्हा आम्ही शहरात बसून त्यास नावे ठेवणार नाही. आणि ठेवावीत तरी कोणत्या तोंडाने? आमच्या गल्लीत मिरवणुकीचा डीजे आला म्हणजे खिडक्यांच्या काचा नाचतात, आणि तो गेल्यावर सुशिक्षित मंडळी झोप यावी म्हणून मोबाईलवर पावसाचा आवाज लावून निजतात. बाहेर खरा पाऊस पडत असला तर खिडकी आधी लावून घेतात.

ज्या पंचवटीत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम स्थापून उत्तर आयुष्यात रामनामाचा घोष केला, तिच्या लगतच तपोवन आहे. सिंहस्थातील साधुग्रामासाठी तेथील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा २०२५ च्या अखेरीस गावात मोठा वाद उठला. झाडे किती, जुनी किती, त्यांच्या बदली लावावयाची किती, यांवर दोन्ही पक्षांनी हिरीरीने आकडे मांडले. आकडे महत्त्वाचे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तपोवनात पहाटे काय ऐकू येते, हे कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या कानी आले नाही. एका झाडाच्या बदली दहा रोपे लावली की डोळ्यांचा हिशेब जुळतो. कानांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

याच नाशकात दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला चित्रांचा कारखाना आणला. त्यांच्या पडद्यावर पाणी वाहत असे, परंतु खळखळत नसे, कारण चित्रपट अजून मुका होता. आज शंभरांहून अधिक वर्षांनी प्रत्येकाच्या खिशात आवाज धरून ठेवणारे यंत्र आहे, आणि तरीही गोदाकाठची आमची पहाट मुकीच आहे. तिची छायाचित्रे हजारो निघतात. तिचा दहा मिनिटांचा आवाज, तारीख-वेळेसह जपून ठेवलेला, कोणापाशी मागावयास जावे हे आम्हांस ठाऊक नाही.

क्राउस यांनी अशी सुमारे पाच हजार तासांची मुद्रणे जमविली. त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या ठिकाणांची आहेत, ती ठिकाणे एक तर आता गप्प झाली आहेत किंवा ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत, असे ते सांगतात. आरंभी एक तासाचे निर्भेळ मुद्रण मिळावयास दहा तास पुरत; पुढे त्यासाठी हजार तास खर्चू लागले. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या वणव्यात त्यांचे राहते घर जळून खाक झाले. मुद्रणांच्या प्रती अन्यत्र ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. हे वाचताना आम्हांस वाटले की, या माणसाने जे जमविले त्यास ग्रंथसंग्रह म्हणावे की अस्थिकलश?

आमच्या वर्गातील त्या मुलीने यंदा एक नेम धरला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सूर्योदयापूर्वी ती मळ्यातील विहिरीच्या काठी मोबाईल ठेवते आणि दहा मिनिटे लांब जाऊन उभी राहते. मागे कुत्रे भुंकते, पंप सुरू होतो, आजी हाक मारते. तिने काहीही काढून टाकलेले नाही, आणि ते योग्यच केले आहे. चौथ्या महिन्याच्या मुद्रणात पावशा आहे. दूरवर, अगदी पुसट, पण आहे. त्यात आम्ही कोणतीही सुधारणा सुचविली नाही. पुढील वर्षी त्याच रविवारी तो पुन्हा आहे की नाही, हे आता कोणास तरी सांगता येईल.